साठ मिनिटांचा पेपर आणि चार रविवार : एका लेखन-कार्यशाळेचे परीक्षण

आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या लेखन विभागात वेळ पुरत नाही, ही तक्रार घेऊन मी ज्या कार्यशाळेत गेले, तिचे हे परीक्षण आहे. पुण्याच्या पेठांमधील एका खासगी वर्गाने चार रविवारी घेतलेली ही कार्यशाळा फक्त लेखनापुरती, आणि लेखनातही मुख्यतः वेळेच्या नियोजनापुरती मर्यादित होती. शुल्क साडेसहा हजार रुपये होते. वर्गाचे नाव मी जाणूनबुजून लिहीत नाही, कारण पुढे काही दोष सांगायचे आहेत आणि त्यांतले बरेचसे अशा इतर वर्गांतही सापडतील, असा माझा अंदाज आहे.

आधी माझी गरज काय होती ते सांगते. मी अकरा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची, तर तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आयईएलटीएसची अकॅडेमिक परीक्षा दिली, तर श्रवण, वाचन आणि संभाषण यांत किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ बँड, म्हणजे ९ पैकी तेवढी श्रेणी, मिळवावा लागतो. लेखनाची अट २०१८ च्या अखेरपर्यंत इतर विभागांसारखीच ७ ची होती. ती अर्ध्या बँडने खाली आली, यावरून हा विभाग किती जणींची वाट अडवून बसला असेल याची कल्पना यावी. पहिल्या प्रयत्नात माझे बाकीचे तीन विभाग निभावले आणि लेखनात मी ५.५ वर अडकले. निबंधाचा शेवटचा परिच्छेद लिहिताना, वाक्य अर्ध्यावर असतानाच वेळ संपली. घरी येईपर्यंत माझे निदान ठरलेले होते की इंग्रजी येते, फक्त हात सावकाश चालतो. हे निदान चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे आकड्यांनिशी दाखवून दिले, हीच या कार्यशाळेची सर्वांत मोठी कमाई.

ज्यांना परीक्षेची रचना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखनाला एकूण साठ मिनिटे असतात आणि दोन प्रश्न असतात. पहिल्यात, म्हणजे टास्क वनमध्ये, एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती देतात आणि तिचे वर्णन किमान १५० शब्दांत करायचे असते. टास्क टूमध्ये एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो. पहिल्याला सुमारे वीस आणि दुसऱ्याला सुमारे चाळीस मिनिटे द्यावीत, असे प्रश्नपत्रिकेतच सुचवलेले असते. पण ते पाळायला कोणीही लावत नाही, वीस मिनिटांनी घंटा होत नाही, की पहिला प्रश्न आपोआप बंद होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. म्हणजे टास्क वनला ८ आणि टास्क टूला ५ मिळाले तर हिशेब ६ वर येतो, आणि हेच आकडे उलटे पडले तर ७ वर जातो. हे साधे गणित मला पहिल्या परीक्षेपूर्वीही माहीत होते. तरीही पहिल्या प्रश्नावर मी पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ घालवला होता.

पहिल्या रविवारी वर्गाच्या मॅडमनी कोणतेही व्याख्यान न देता थेट पेपर लिहायला बसवले. एक अट मात्र घातली. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांनी टोला पडेल, तेव्हा संगणकावर त्या क्षणी दिसणारी शब्दसंख्या शेजारच्या कच्च्या कागदावर टिपायची आणि लिहिणे चालू ठेवायचे. संगणकावरील परीक्षेत उत्तराच्या चौकटीखाली शब्दसंख्या दिसते आणि उरलेली वेळही पडद्यावर दिसते, त्यामुळे ही टिपणी परीक्षेतल्या वातावरणाशी फार विसंगत नव्हती. निबंधाचा विषय होता शहरांतील वाहतूककोंडीचा : खासगी मोटारींवर जास्त कर लावावा की सार्वजनिक वाहतूक सुधारावी, दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या. चाळीस मिनिटांनंतर माझ्या कागदावर ४१, ७८, ८३, ९०, १४१, १७८, २०१, २२४ असे आठ आकडे होते.

मॅडमनी त्यांतल्या दोनच आकड्यांवर बोट ठेवले. दहाव्या मिनिटाला ७८ शब्द असताना विसाव्या मिनिटाला फक्त ९० कसे, असे त्यांनी विचारले. मला नीट आठवत होते. बसथांब्यावर माणसे ताटकळत उभी राहतात, असे मला लिहायचे होते, आणि ‘ताटकळणे’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे हे सुचेना. तीन वेळा वाक्य लिहून मी तीन वेळा पुसले होते. “सिस्टर, तो शब्द मराठीतच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “माणसे अर्धा तास उभी असतात, एवढेच इंग्रजीत लिहा आणि पुढे चला.” शेजारच्या मुलाचा कागद वेगळे सांगत होता. त्याची पहिली पंधरा मिनिटे प्रस्तावना सजवण्यातच गेली होती, आणि मग पुढचे सगळे एका दमात, अत्यंत अशुद्ध लिहिलेले होते. आणखी एकीचे आकडे अगदी समान अंतराने वाढत होते, पण ते ३४० पर्यंत गेले होते आणि तपासायला एक मिनिटही उरले नव्हते. वेळ पुरत नाही ही तिघांची तक्रार एकच होती, पण प्रत्येकाचा वेळ वेगळ्या ठिकाणी गळत होता. हा आठ आकड्यांचा कागद चारही रविवार ठेवायला लावला गेला, आणि या एका उपायासाठी मी अर्धे शुल्क आनंदाने दिले असते.

त्याच दिवशी आणखी एक साधी चाचणी झाली. छापील उतारा पाहून टंकलेखन करायला सांगितले, तर माझा वेग मिनिटाला पंचवीस शब्दांच्या आसपास भरला. या वेगाने २५० शब्दांना दहा मिनिटे आणि १५० शब्दांना सहा मिनिटे लागतात. साठ मिनिटांपैकी बोटांचे काम फक्त सोळा मिनिटांचे होते. उरलेली चव्वेचाळीस मिनिटे काय लिहायचे, कोणत्या क्रमाने लिहायचे आणि काय गाळायचे हे ठरवण्यात जात होती. आपण टंकलेखनाचा वेग वाढवायला निघालो होतो, याचे मला हसू आले. अर्थात, ज्यांना कळफलकावर अक्षर शोधावे लागते त्यांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा पडेल, आणि वर्गात तसे तिघे-चौघे होते. त्यांच्यासाठी वर्गाकडे वेगळे काहीच नव्हते.

दुसरा रविवार टास्क वनचा होता आणि तो मला सर्वांत जास्त उपयोगी पडला, यात माझ्या व्यवसायाचाही वाटा आहे. तक्ता समोर आला की मी त्यातला प्रत्येक आकडा लिहीत असे. वॉर्डात टीपीआर चार्ट, म्हणजे रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वसन यांचा तक्ता, भरताना एकही नोंद सोडून चालत नाही, ही सवय हाडीमांसी भिनलेली असते. पाच देशांचा आणि चार वर्षांचा तक्ता म्हणजे वीस आकडे. ते वीसही लिहायचे म्हटल्यावर पंचवीस मिनिटे लागणारच. मॅडमनी सांगितले की परीक्षकाला चार्ट नको आहे, सारांश हवा आहे. मोठे बदल कोणते आणि तुलना कुठे करण्यासारखी आहे, हे निवडून मांडणे यालाच गुण आहेत, आणि एकूण चित्र सांगणारी दोन वाक्ये नसतील तर बाकीचे कितीही अचूक असले तरी बँड खाली येतो. तेव्हा माझ्या लक्षात आले की ही तर आपण रोज करतो तीच गोष्ट आहे. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना आपण चोवीस नोंदी वाचून दाखवत नाही. तीन नंबरच्या बेडचा ताप संध्याकाळपासून चढतो आहे, बाकीचे स्थिर आहेत, असे सांगतो. त्या दिवसापासून मी तक्ता पाहिला की मनात आधी हँडओव्हर देते आणि मग लिहायला घेते. टास्क वन अठरा मिनिटांत आणि १७० शब्दांच्या आसपास आटोपू लागला. ही तुलना मॅडमनी केलेली नाही, माझी आहे; पण त्यांनी ती पुढच्या आठवड्यात वर्गाला सांगितली.

निबंधाच्या बाबतीत त्यांचा आग्रह असा होता की पहिली सहा मिनिटे कळफलकाला हात लावायचा नाही. प्रश्न दोनदा वाचायचा, त्यात किती भाग आहेत ते मोजायचे, आपले मत एका वाक्यात ठरवायचे आणि मधल्या दोन परिच्छेदांसाठी एकेक मुद्दा आणि एकेक उदाहरण कच्च्या कागदावर चार-पाच शब्दांत टिपायचे. सगळा वर्ग याच्या विरोधात होता. घड्याळ उलटे धावत असताना सहा मिनिटे स्वस्थ बसायचे म्हणजे पावसात छत्री मिटून उभे राहण्यासारखे वाटते. मला मात्र हे पटायला एक बाहेरचे कारण मिळाले. माझ्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीने आयईएलटीएसऐवजी आरोग्यसेवकांसाठीची ओईटी ही परीक्षा दिली होती. तिच्या लेखन विभागाला पंचेचाळीस मिनिटे असतात, आणि त्यांतली पहिली पाच फक्त रुग्णाच्या नोंदी वाचण्यासाठी राखलेली असतात. त्या वेळात लिहायला परवानगीच नसते. उरलेल्या चाळीस मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते. म्हणजे एका परीक्षेने जे बंधन स्वतःहून घातले आहे, ते दुसऱ्या परीक्षेत उमेदवाराने स्वतःवर घालून घ्यायचे आहे. तिसऱ्या रविवारच्या माझ्या कागदावर पहिला आकडा ० होता आणि पंचविसाव्या मिनिटाचा १८८. पहिल्या रविवारी त्याच टप्प्यावर १४१ होते.

संगणकावर लिहिण्याचा एक फायदा त्यांनी दाखवला, जो मला स्वतःहून कधीच सुचला नसता. प्रस्तावना झाली की लगेच खाली समारोपाची दोन वाक्ये लिहून टाकायची आणि मग दोन्हींच्या मधली जागा भरायची. मत आधीच ठरलेले असल्यामुळे समारोपाला दोन-अडीच मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत, आणि पुढे काही गडबड झाली तरी निबंध तोंडघशी पडत नाही. कागदावर लिहिणाऱ्याला ही सोय नाही. यात एक धोका मात्र आहे : मधला मजकूर लिहिताना मत थोडे सरकले, तर समारोप जुन्याच मताचा राहतो. तो शेवटी एकदा वाचणे सक्तीचे आहे, आणि एका सराव पेपरात मी ते विसरले होते.

येथे एक विषयांतर करते. मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेल्या आम्हा लोकांची परीक्षेची कल्पनाच मुळी पुरवणीवर उभी असते. ज्याने जास्त पुरवण्या घेतल्या तो हुशार, आणि घंटा होईपर्यंत ज्याचे लेखन चालू आहे तो कष्टाळू, हे आम्ही वर्गात बसल्या बसल्या शिकलो. आयईएलटीएसमध्ये किमान शब्दसंख्येपेक्षा कमी लिहिले तर नुकसान होते, पण ३५० शब्द लिहिले म्हणून काही जास्त मिळत नाही. गुण चार निकषांवर समान वाटलेले असतात : प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. जास्तीच्या ऐंशी शब्दांनी चुकांना ऐंशी जागा मिळतात आणि तपासणीची चार-पाच मिनिटे जातात. मॅडमनी निबंधाला २८० ची वरची मर्यादा घालून दिली होती, आणि ती ओलांडणाऱ्याचा पेपर त्या तपासायला घेत नसत. हे जरा कडक वाटेल, पण पुरवणीची सवय याहून सौम्य उपायाने सुटली असती असे मला वाटत नाही.

आधी कोणता प्रश्न सोडवावा, या वादावर मात्र कार्यशाळेने नको इतका वेळ घालवला. संगणकावर दोन्ही प्रश्नांमध्ये केव्हाही ये-जा करता येते, म्हणून जास्त वजनाचा टास्क टू आधी लिहावा, असा वर्गाचा ठाम सल्ला होता. मी दोन्ही प्रकारे करून पाहिले. टास्क टू आधी घेतला तेव्हा तो शेहेचाळीस मिनिटे चालला, आणि टास्क वनला चौदाच मिनिटे उरल्यामुळे त्यात एकूण चित्राची वाक्येच राहून गेली. टास्क वन आधी घेतला तेव्हा तो तेवीस मिनिटे लांबला. दुखणे क्रमात नव्हतेच. ठरलेल्या मिनिटाला हातातले वाक्य सोडून दुसरीकडे जाता येते की नाही, यात होते. शेवटी मी आधी टास्क वन, आणि पडद्यावर बेचाळीस मिनिटे उरलेली दिसली की तो तिथेच सोडायचा, असे ठरवले. निबंधाला चाळीस मिनिटे धरली, त्यांत सहा विचाराची, अठ्ठावीस लेखनाची आणि सहा तपासणीची. राहिलेली दोन मिनिटे अनपेक्षित अडचणीसाठी ठेवली.

आता दोष. सर्वांत गंभीर दोष सरावाच्या वेळेचा होता. प्रत्यक्ष परीक्षेत श्रवण, वाचन आणि लेखन हे तिन्ही विभाग मध्ये सुटी न देता सलग होतात, आणि लेखन तिसरे येते. तोपर्यंत दीड तास गेलेला असतो, आणि त्यात एक संपूर्ण तास दाट छापलेले उतारे वाचण्यात गेलेला असतो. वर्गात मात्र पहिले दोन्ही रविवार सकाळी दहा वाजता उपमा आणि चहा झाल्यावर ताज्या डोक्याने फक्त लेखनाचा पेपर लिहिला गेला. वेळेचे नियोजन शिकवणाऱ्या कार्यशाळेने थकवा हिशेबात धरू नये, हे मला अनाकलनीय वाटले. आम्ही काही जणींनी हट्ट धरला, म्हणून तिसऱ्या रविवारी तिन्ही विभाग सलग घेतले. सहा मिनिटांच्या विचारामुळे माझा निबंध सुधारला होता खरा, पण टास्क वनमध्ये त्याच अठरा मिनिटांत तीस शब्द कमी भरले आणि दोन आकडे चुकीचे वाचले गेले. हे पहिल्याच रविवारी कळायला हवे होते.

दुसरा दोष तयार वाक्यांचा. पहिल्याच दिवशी आम्हाला तीस वाक्यांचा एक कागद वाटण्यात आला आणि वेळ वाचवण्यासाठी ती पाठ करावीत असे सांगण्यात आले. पाठ केलेली भाषा परीक्षक ओळखतात आणि तिला श्रेय देत नाहीत, हे याच वर्गात, याच मॅडमनी नंतर सांगितले. मग तो कागद कशासाठी होता? दुसऱ्या रविवारी माझ्या आणि शेजारच्या दोघांच्या निबंधांची सुरुवात शब्दशः एकच होती. शिवाय पाठ वाक्य आठवण्यातही वेळ जातोच, आणि ते प्रश्नाला नीट बसत नाही म्हणून वाकवण्यात आणखी जातो.

तपासणीबद्दलही नाराजी आहे. बावीस जणांना दोन तपासनीस होते. रविवारचा पेपर शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर परत येई, आणि त्यावर बँड आणि दोन ओळींचा शेरा असे. एकदा माझ्या एकाच निबंधाला एका तपासनीसाने ६.५ आणि चुकून पुन्हा पाठवल्यावर दुसऱ्याने ५.५ दिला. लेखन तपासण्यात मतभेद होतात हे मान्य आहे, पण एका बँडचा फरक म्हणजे माझ्यासारखीच्या दृष्टीने लंडनला जाणे आणि न जाणे यांतला फरक आहे. संगणकांऐवजी वर्गाचे लॅपटॉप होते आणि त्यांत शब्दाखाली लाल रेघ ओढून चूक दाखवणारी सोय चालूच ठेवलेली होती. परीक्षेत ती नसते. मी ती पहिल्याच तासाला बंद करून घेतली. इतरांनी ती शेवटपर्यंत चालू ठेवली, आणि त्यांची तपासणीची सहा मिनिटे खरी तपासणी नव्हतीच. एका रविवारी पाऊण तास लाइट गेली, याचा दोष मात्र मी वर्गाला देत नाही.

तपासणी कशाची करायची, हे त्यांनी फार थोडक्यात पण नेमके सांगितले. सगळे वाचायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या तीन नेहमीच्या चुका शोधायच्या. माझ्या चुका म्हणजे नामापूर्वीची उपपदे, जी मराठीत नसतातच, एकवचनी कर्त्याबरोबरचे क्रियापद, आणि एकाच वाक्यात चार वाक्ये गुंफण्याची खोड. या तिन्हींसाठी डोळे फिरवले की सहा मिनिटांत दहा-बारा दुरुस्त्या होतात. परीक्षेच्या वेळी मनगटी घड्याळ आत नेता येत नाही, त्यामुळे सरावातही ते काढून ठेवावे, ही त्यांची सूचनाही योग्य होती. पहिल्या परीक्षेत मी दर दोन मिनिटांनी रिकाम्या मनगटाकडे पाहत होते.

कार्यशाळा संपल्यावर तीन आठवड्यांनी मी परीक्षा दिली. टास्क वनमध्ये दोन नकाशे आले होते, ज्यांचा सराव वर्गात एकदाही झाला नव्हता; तरी एकोणिसाव्या मिनिटाला तो सोडता आला. निबंध २७१ शब्दांचा झाला आणि चार मिनिटे तपासायला मिळाली, सहा नाही. लेखनात ६.५ बँड मिळाला.

ज्यांचे इंग्रजी बरे आहे पण पेपर अपुरा राहतो, त्यांनी अशा कार्यशाळेला जावे आणि पाच-पाच मिनिटांचा तो कागद मन लावून ठेवावा. ज्यांना वाक्यरचनेतच अडचण आहे, त्यांचे साडेसहा हजार येथे वाया जातील, कारण व्याकरण शिकवायला चार रविवारांत जागाच नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी शनिवारची रात्र मोकळी मिळते का ते आधी पाहावे. मी एकदा ड्यूटीवरून थेट गेले होते आणि त्या दिवशीचे माझे आकडे येथे देण्यासारखे नाहीत. नव्या तुकडीच्या वेळापत्रकात तिन्ही विभाग पहिल्या रविवारपासून सलग ठेवले आहेत आणि उपमा-चहा लेखनानंतर आहे, असे मॅडमनी कळवले आहे. तीस वाक्यांचा कागद मात्र अजून वाटला जातो.